डिझाईन सॉफ्टवेअरच्या दरवाढीचा मेल आला की आधी हे कर

रक्कम बघून हादरू नकोस, आणि रागाच्या भरात प्लॅन रद्दही करू नकोस. २०२४ मध्ये कॅनव्हा या ऑनलाइन डिझाईन कंपनीने एआयची साधनं पुढे करत टीम प्लॅन महाग केला. अमेरिकेत पाच जणांचे वर्षाला सुमारे १२० डॉलर पडायचे, ते थेट ५०० झाले. ग्राहक इतके चिडले की जुन्यांपुरती तरी कंपनीला माघार घ्यावी लागली. म्हणून तक्रार लिहायचा कंटाळा करू नकोस.

मग करार वाच. ‘वार्षिक, पण दरमहा भरणा’ हा प्रकार फार फसवा असतो. फोटोशॉपवाल्या ॲडोबीचा असा प्लॅन १४ दिवसांनंतर मोडलास तर उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे जातात. नूतनीकरणाची तारीख आजच कॅलेंडरात टाक.

एआयची किती बटणं तू खरंच दाबतोस? मी महिनाभर वहीत टिपलं. फोटोची पार्श्वभूमी काढणं, बस्स! तेवढ्यासाठी वाढीव पैसे देणं मला पटलं नाही.

इंकस्केप, क्रिता, गिंप ही चित्रं-फोटोंची सॉफ्टवेअर फुकट आहेत. पण कुठेही जाण्याआधी आपल्या देवनागरीची परीक्षा घे. ‘वाऱ्यावर’, ‘द्वितीय’, ‘क्षत्रिय’ टाईप कर, पीडीएफ काढ आणि ती मोबाईलवर उघड. ‘वाऱ्यावर’मधला र तुटला, तर लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक तुला दारात उभं करणार नाही.

आणि सबस्क्रिप्शन चालू आहे तोवरच सगळ्या जुन्या कामांच्या पीडीएफ आणि एसव्हीजी (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही बदलता येणारी चित्राची फाईल) प्रती काढून ठेव. आजच कामाला बस.