वॉरंटी संपली म्हणजे विषय संपला का?

प्रश्न: ताई, डीलरकडून सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली, तीन महिन्यांची वॉरंटी होती. दुसऱ्याच महिन्यात गिअर बदलताना झटके बसायला लागले, जाऊन सांगितलं तर म्हणाले ऑटोमॅटिकला एवढं होतंच, चालवत राहा. आता गाडी रिव्हर्सच घेत नाहीये आणि ते म्हणतायत वॉरंटी संपली, आमचा संबंध नाही. गॅरेजवाला म्हणतो लगेच खोलून बघतो. खोलू देऊ का?

उत्तर: नको, अजिबात नको. गाडी दारात बंद पडून आहे, रोजचं अडतंय, सगळं कळतं, पण गिअरबॉक्स एकदा खोलला की आत आधी काय स्थिती होती हे दाखवायला हातात काहीच उरत नाही आणि डीलर सरळ म्हणणार की तुमच्या मेकॅनिकनेच वाट लावली.

दोष वॉरंटी संपल्यावर दिसला की गाडी विकली तेव्हाच होता, भांडण खरं यावर असतं. वॉरंटी हे डीलरने स्वतःहून दिलेलं आश्वासन, आणि ग्राहक म्हणून कायद्याने मिळणारा हक्क त्याहून वेगळा, तो बऱ्याच ठिकाणी वॉरंटीच्या तारखेबरोबर संपत नाही. ब्रिटनमध्ये 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार डीलरकडून घेतलेल्या वस्तूत सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो आधीपासूनच होता असं धरतात आणि नव्हता हे विक्रेत्याने दाखवायचं. सगळीकडे असं नाही, कित्येक ठिकाणी सिद्ध करायचं ओझं घेणाऱ्यावरच पडतं, म्हणून आपल्याकडचा नियम आणि तक्रारीची मुदत आधी विचारून घ्या.

तुमची बाजू मजबूत आहे ती एका गोष्टीमुळे, तुम्ही वॉरंटी चालू असतानाच झटक्यांबद्दल सांगितलं होतंत. आता त्याचा माग शोधा. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, कॉल लॉग, गाडी तिथे नेली त्या दिवशीचं जॉबकार्ड, काहीही चालेल. तोंडीच बोलणं झालं असेल तर आज त्यांना लिहा की अमुक सुमारास मी येऊन हे सांगितलं होतं आणि तुम्ही हे उत्तर दिलं होतं. त्यांनी ते नाकारलं नाही तर तेही कामाला येतं.

मग ज्याचा डीलरशीही संबंध नाही आणि दुरुस्तीच्या कामाशीही नाही अशा माणसाकडून तपासणी करून घ्या, लेखी रिपोर्टसकट. त्याला स्कॅनर लावायला सांगा पण कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे नंबर, क्लिअर करू देऊ नका, हे मी दोनदा सांगेन, कोड क्लिअर करू देऊ नका. फॉल्ट कोडसोबत बऱ्याचदा फ्रीझ फ्रेम साठवलेली असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणी वेग किती, इंजिनाचे फेरे किती, कूलंट किती गरम होतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हाही आकडा दिसतो, आणि तो आकडा तुम्ही गाडी घेतल्यापासूनच्या किलोमीटरशी जुळत असेल तर विक्रीच्या तोंडावर कुणीतरी कोड पुसले असावेत असा प्रश्न उभा राहतो. बॅटरी काढली तरी हा आकडा शून्य होऊ शकतो त्यामुळे एवढ्यावरच केस जिंकता येत नाही, पण डीलरला उत्तर द्यावं लागतं. गिअर ऑइल काढलंच तर त्याचा नमुना स्वच्छ बाटलीत ठेवा. ड्रेन प्लगच्या, म्हणजे तेल काढायच्या बुचाच्या, चुंबकावर बारीक करडा लगदा असणं नेहमीचं, पण धातूचे तुकडे, कपच्या असतील तर आतली झीज बरीच जुनी असू शकते, त्याचा फोटो काढा.

हे सगळं जोडून डीलरला लेखी कळवा, तुमचा माणूस आणून गाडी बघा म्हणा, तारीख द्या. मागताना पूर्ण नवा गिअरबॉक्स फुकट मागू नका, जुन्या गाडीला नवा भाग बसला की तुमचाही फायदा होतोच, त्यामुळे खर्च वाटून घ्यायची तयारी दाखवलीत तर पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटतं. नाही मिटलं तर ग्राहक तक्रारीचा मार्ग आहेच, कागद तयार असतील तुमच्याकडे.

प्रश्न: ओळखीतल्या माणसाकडून गाडी घेतली, करारावर "आहे त्या स्थितीत" असं लिहून सही केलीय. आता इलेक्ट्रिकल बिघाड थांबतच नाहीत, मेकॅनिक म्हणतो पाण्यात बुडालेली गाडी आहे. माझी सही आहे म्हणजे गेलंच ना सगळं?

उत्तर: सही आहे म्हणून वाट बिकट आहे, पण बंद नाही. खासगी विक्रेत्यावर डीलरइतकी जबाबदारी सहसा नसते, आणि त्या ओळीने दिसणारे दोष आणि वयाची झीज तुम्ही स्वीकारलीत हेही खरं, पण माहीत असून खोटं सांगितलं तर बहुतेक कायदे त्या ओळीचा आडोसा देत नाहीत. म्हणून दोन गोष्टी दाखवाव्या लागतील, गाडी बुडाली होती आणि त्याला ते माहीत होतं. पहिलीसाठी सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बघा, वरचा भाग सगळे पुसतात पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेषा राहून जाते. कार्पेटखालचा गाळ, सीटच्या रुळावरचा गंज, वायरिंगच्या कनेक्टरमधला हिरवट गंज, सगळ्याचे फोटो. दुसरीसाठी त्याच्या काळातला इन्शुरन्स क्लेम आणि सर्व्हिस रेकॉर्ड मिळवा, आणि जाहिरातीत किंवा मेसेजमध्ये "एकदम क्लीन" वगैरे लिहिलं असेल तर ते पुसलं जायच्या आत सेव्ह करा. ओळखीचा माणूस आहे म्हणून बोलायला जड जातं, पण पहिलं पत्र शांत भाषेतच लिहा.

प्रश्न: वॉरंटी संपल्यावर क्लच गेला. डीलरकडून भरून मागू का?

उत्तर: नाही, क्लच, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी झिजणारच, त्यासाठी भांडण्यात दम नाही. अपवाद एकच, बिलावर "क्लच नवीन टाकलाय" असं लिहून दिलं असेल आणि उघडल्यावर जुनाच निघाला तर, तेव्हा काढलेली प्लेट गॅरेजमध्ये सोडू नका, घरी घेऊन या. आणि वेगळं काही अडलं तर चेसिस नंबर टाकून कंपनीचा रिकॉल, म्हणजे ठराविक दोषासाठी गाड्या परत बोलावणं, आहे का तेही बघा. रिकॉलचं काम गाडीच्या त्या नंबरशी बांधलेलं असतं, मालक कितवा आणि वॉरंटी कधी संपली याच्याशी त्याचा सहसा संबंध नसतो.