कोळशांचा दुसरा विस्तव

प्रश्न : आदरणीय काका, प्रभूमध्ये सलाम. मी जालना जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत सात वर्षांपासून क्लार्क आहे. मार्चअखेर जवळ आलीय. जुनी कर्जं थकीत दिसू नयेत म्हणून नवी प्रकरणं करून ती मिटवायचं चाललंय. ज्यांच्या नावावर प्रकरणं आहेत त्यांतल्या दोघांना मी ओळखते, ते संस्थेत कधी आलेलेच नाहीत. ‘समक्ष सही घेतली’ या ओळीखाली माझी सही हवी आहे. पाच प्रकरणांवर मी केलीसुद्धा. साहेब म्हणतात, सगळीकडे असंच असतं. यांचं काम सुटलंय, दोन लेकरं शाळेत. आमच्या चर्चच्या छपराच्या पत्र्यांना पतसंस्थेच्या अध्यक्षांनीच पैसे दिलेत, म्हणून पाळकसाहेबांना सांगायचीही चोरी. रविवारी बायबलमधल्या यशयातलं ‘भिऊ नकोस’ वाचते आणि सोमवारी हात थरथरतो. माझा विश्वास खोटा आहे का? – एक भगिनी

उत्तर : ताई, सलाम. अंक छापून येईपर्यंत मार्च संपेल, म्हणून हेच उत्तर तुम्हाला आधी टपालाने धाडलं आहे. सहाव्या कागदावर सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू.

२०१३ च्या उन्हाळ्यात मी एका गावात ग्रामसेवक होतो. गावाला टँकरच्या दोन खेपा मंजूर होत्या, यायची एक. वहीवर मात्र दोन लिहिलेल्या असायच्या आणि त्याखाली माझी सही. असे अकरा दिवस गेले. मुलीचं लग्न ठरलेलं होतं, आणि ज्याचा टँकर त्याचा हात वरपर्यंत पोचलेला. त्या दिवसांतही मी रोज पहाटे शास्त्र वाचत होतो, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो.

बाराव्या दिवशी सार्वजनिक विहिरीवर गेलो. टँकर विहिरीत रिकामा करून गेला होता आणि तासाभरात तळ उघडा पडला होता. सात-आठ वर्षांची एक पोरगी दोर धरून खाली उतरलेली. खडकाच्या खळगीत साचलेलं पाणी ती ताटलीनं कळशीत भरत होती. ताटली खडकावर घासली की खर्र असा आवाज वर यायचा. गढूळ पाणी ती आधी थोडं निवळू द्यायची, मग अलगद ताटली बुडवायची. मी वर उभा. दुसऱ्या खेपेचं पाणी माझ्या सहीत होतं, विहिरीत नव्हतं.

त्या संध्याकाळी वहीत ‘एक खेप’ लिहिलं. हात तुमच्यासारखाच थरथरत होता, अक्षर वाकडं आलं. पुढच्या आठवड्यात मागच्या अकरा सह्यांचंही लेखी कळवलं. मला नोटीस आली, वेतनवाढ थांबली, दोन महिन्यांत बदली झाली. दुसरी खेप काही दिवस आली, मग पुन्हा बंद पडली. भीती गेल्यावर धैर्य येतं, अशी वाट बघत बसलो असतो तर निवृत्तीपर्यंत सह्या करत राहिलो असतो.

विश्वास खोटा आहे का, असं विचारलंत. योहानाचं शुभवर्तमान काढा, अठरावा अध्याय. थंडी आहे, प्रमुख याजकाच्या वाड्यात चाकरांनी कोळशांचा विस्तव केलाय, येशूचा शिष्य पेत्र शेकत उभा आहे आणि त्याच रात्री तो तीनदा म्हणतो, मी त्याचा शिष्य नाही. आता एकविसावा. समुद्रकिनारी पुन्हा कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर. मूळ ग्रीकमध्ये कोळशांच्या विस्तवासाठी वापरलेला तो शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. त्या वासाने पेत्राला ती रात्र आठवली नसेल का? तरी प्रभू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? का घाबरलास, हे एकदाही विचारत नाही. तुमच्या पाच सह्या म्हणजे तो पहिला विस्तव, ताई. त्यापाशी गोष्ट संपत नाही.

आता कामाचं. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखं ठेव विम्याचं संरक्षण नसतं. संस्था बुडाली तर ज्या बाईने ऊसतोडीच्या पैशातून लेकीच्या लग्नासाठी पावती केली, तिचे पैसे अडकतात. ती दारात येईल तेव्हा कागदावर नाव तुमचं असेल, साहेबांचं नव्हे. म्हणून नकार लेखी द्या, दोन ओळींत: कर्जदार माझ्यासमोर आलेले नाहीत, म्हणून सही करू शकत नाही. पोच घ्या. त्या पाच सह्यांबद्दल मात्र आधी वकिलाशी बोला, कारण जबाबदारी तुमच्यावरही येते. पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात समिती असते. मग वकिलाच्या सल्ल्याने सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा लेखापरीक्षकांकडे जा. नोकरी जाईल का? जाऊही शकते. खोटा दिलासा देणार नाही. यांना आजच सगळं सांगा. घरात लपवून हे ओझं पेलत नाही.

आणि पाळकसाहेबांना सांगाच. पत्रे अध्यक्षांनी दिले असतील, मंडळी त्यांनी विकत घेतलेली नाही. १८४३ साली बाप्तिस्मा घेऊन ब्राह्मण कुळातून तुटलेल्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ विश्वासणाऱ्यांसाठी बेथेल हे अख्खं गाव वसवलं. एका बाईला शंभर रुपयांचं धान्य आणि कोर्टात सोबतीला एक माणूस देता येत नसेल, तर त्या पत्र्यांखाली आपण जमतो कशाला, हे मी तुमच्या पाळकांना विचारायला तयार आहे. पाकिटावर माझा पत्ता आहे. तारीख कळवा, एसटीने येतो.