आधी डबा, मग पोस्टर

सोलापुरात आजोबा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, त्यांच्या ट्रंकेत सिनेमाचं पोस्टर आणि 'न्यूज' लिहिलेला रिळाचा डबा सापडला, पोस्टर लॅमिनेट करू का, असं तुम्ही विचारलंय. पोस्टरचं नंतर बघू, आधी तो डबा पत्र्याच्या माळ्यावरून खाली काढा. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत 35 मिमीची फिल्म बहुतेक नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणारी असायची. ती पेटली की स्वतःच ऑक्सिजन तयार करते, त्यामुळे पाण्यानेही विझत नाही. कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' छापलेलं असेल तर ती बहुधा ॲसिटेटची, म्हणजे सहज न पेटणारी. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटच, पण खराब होत चाललेली. फिल्म चिकट झाली असेल किंवा तपकिरी भुकटी दिसली तर झाकण लावा, थंड जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोन करा. एसटीने घेऊन जाऊ नका.

असलीच ज्वालाग्राही फिल्म घेऊन बातम्यांचं चित्रण करणारे कॅमेरामन तोफांपुढे उभे राहायचे, हे मला फार मोठं वाटतं. 1 जुलै 1916 ला पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर जमिनीखालचा सुरुंग उडाला, तेव्हा ब्रिटिश कॅमेरामन जेफ्री मॅलिन्स तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्याचं हँडल एका लयीत फिरवत होते. हात थरथरला असता तर चित्राचा वेग बिघडला असता. 1937 मध्ये शांघायच्या स्टेशनवर जपानी बॉम्ब पडल्यावर चिनी कॅमेरामन एच. एस. वाँग यांच्याजवळ आयमो नावाचा हातात धरायचा चित्रपट कॅमेरा होता. त्यात 100 फूट फिल्म बसते, म्हणजे जेमतेम मिनिटभराचं चित्रण! आपल्याकडे सावेदादा भाटवडेकरांनी 1901 मध्ये रँग्लर परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत टिपलं. तिथे जिवाला धोका नव्हता, पण वाट त्यांनीच पाडली. तुमच्या डब्यावर कॅमेरामनचं नाव असेल तर ते जपा, अशी नावं फार थोडी उरलीत.

आता पोस्टर. लॅमिनेशन अजिबात नको, ते परत निघत नाही. सेलोटेपही नको. मी एकदा फाटलेल्या जागी लावला होता. काही वर्षांत नायिकेच्या गालावर तपकिरी पट्टा उमटला, तो आजही तसाच आहे. घड्यांची काळजी करू नका, पोस्टरं घडी घालूनच यायची. भिंगाखाली रंग वाळूच्या कणांसारखे अनियमित दिसले तर दगडी छपाईचा लिथो, नेमक्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ऑफसेट.

तळाच्या कडेला बारीक अक्षरात प्रेसचं नाव असतं. भिंगातून दिसलेला भाग आणि ती कड, दोन्हींचे फोटो टाका. किमतीचं ते बघूनच बोलू.