अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावरही लढत राहिलेला कॉन्फेडरेट (फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा) नौदल अधिकारी कोण? पुढे त्याचं काय झालं?

जेम्स वॅडेल, 'शेनान्डोआ' या जहाजाचा कप्तान. दक्षिणेचा सेनापती जनरल लीने एप्रिल १८६५ मध्ये शरणागती पत्करली, आणि जूनअखेरीस वॅडेल बेरिंग समुद्रात उत्तरेची देवमासे मारणारी जहाजं पकडून जाळत होता, एका आठवड्यात वीसहून जास्त! त्याला अगदीच पत्ता नव्हता असंही नाही. पकडलेल्या एका जहाजावरच्या वर्तमानपत्रात लीची बातमी होती. पण युद्ध चालूच ठेवू, ही दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसची घोषणाही त्यातच होती. त्याने घोषणेवर विश्वास ठेवला. पोटापाण्यासाठी समुद्रावर आलेल्या त्या खलाशांचं मला फार वाईट वाटतं.

२ ऑगस्टला एका ब्रिटिश जहाजाने सगळं संपल्याचं सांगितलं. अमेरिकेत परतलो तर चाचे म्हणून फासावर जाऊ, ही भीती होती. म्हणून तोफा जहाजाच्या तळाशी ठेवून, केप हॉर्नला वळसा घालून, वाटेत कुठल्याही बंदराला न लागता त्याने थेट लिव्हरपूल गाठलं. तिथे ६ नोव्हेंबर १८६५ ला झेंडा उतरवला.

काही वर्षं इंग्लंडमध्ये काढून तो मायदेशी परतला. पॅसिफिक मेल कंपनीच्या प्रवासी बोटीचा कप्तान झाला. ती बोट १८७७ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून बुडाली. नंतर मेरीलँडमध्ये ऑयस्टरच्या चोरट्या मासेमारीवर पहारा ठेवणाऱ्या दलात होता. १८८६ मध्ये ॲनापोलिसला वारला.