घरातली ड्यूटी कधी बदलते?

प्रश्न : माझं वय 46. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. अंग पुसणं, डायपर, भरवणं, रात्री उठून कूस बदलणं, सगळं माझ्याकडेच. कंबर सारखी धरते. माझी बीपीची गोळी आठवड्यातून दोन-तीनदा राहूनच जाते. परवा भाचीच्या साखरपुड्यालाही गेले नाही. कधी वाटतं, दोन तास कुठेतरी निघून जावं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटते. माझं चुकतंय का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही ताई, तुमचं काही चुकत नाही. मी 32 वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. आठ तास झाले की पुढची सिस्टर यायची, तिला चार्ज देऊन आम्ही घरी. तरी पाय भरून यायचे. तुम्ही तर दोन वर्षं चार्ज दिलेलाच नाही.

माझ्या आईच्या आजारपणात मीही हेच केलं. 'मला येतं सगळं' म्हणत भावाला हात लावू दिला नाही. शुगर वाढल्याचं पायाची जखम भरेना तेव्हा कळलं. मी ॲडमिट झाले, तेव्हा आईला भरवायचं कसं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती रुखरुख अजून जात नाही.

म्हणून आधी मिस्टरांना शिकवा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. आईंचे गुडघे दुमडायचे, पलीकडच्या खांद्याला आणि कमरेला हात लावून आपल्याकडे वळवायचं. लुळा हात कधीच ओढायचा नाही, खांदा निखळतो. वर सरकवायचं तर खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवी चादर घालून दोघांनी दोन्हीकडून धरायची. एकटीने काखेत हात घालून उचलणं आजपासून बंद, तुमची कंबर त्यानेच भरत असणार. डॉक्टरांना एकदा दाखवाच. सुरुवातीला मिस्टर चादर वाकडी घालतील. घालू द्या.

तुमच्या गोळ्यांची वेगळी डबी आईंच्या डब्याशेजारीच ठेवा. रात्री जीव घाबरा झाला, रडू आवरेना, तर 14416 वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आणि रविवारी चार ते सहा मिस्टरांची ड्यूटी. तुम्ही बाहेर जा नाहीतर दार लावून झोपा, कुणाला हिशेब द्यायचा नाही. भाचीच्या लग्नाची तारीख ठरली असेल, तर त्या दिवशी घरी कोण थांबणार ते आजच विचारून ठेवा.