वाईन चाखायला सुरुवात करताय? आधी एवढंच करा

एकदम दहा बाटल्या आणू नका हो. नाशिककडची एक शेनिन ब्लांक (ही व्हाईट) नि एक शिराझ (ही रेड), बस, दोन्ही एकाच संध्याकाळी शेजारी शेजारी ओता, फरक आपोआप कळायला लागतो.

सगळ्यात मोठी चूक तापमानाची. रेड 'रूम टेंपरेचर'ला प्या म्हणतात पण ती रूम युरोपातली, १६-१८ डिग्रीची, आपल्याकडे मे महिन्यात घरात ३३ असतं आणि तेवढी गरम रेड नुसती झोंबते, चव बाजूलाच राहते. तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा. व्हाईट मात्र फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांबा, बर्फगार असली की वासच येत नाही.

मग:
- ग्लास तिसरा हिस्साच भरा, फिरवा, नाक आत घाला. शिराझमध्ये काळी मिरी सापडते का बघा.
- घोट तोंडात घोळवा. तोंडाला पाणी सुटलं तर ती आंबट धार, कोऱ्या कडक चहासारख्या हिरड्या आवळल्या तर टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरटपणा.
- जे वाटलं ते लगेच वहीत लिहा, जांभूळ वाटलं तर जांभूळच, चेरी नको.

आणि साठवायची घाई नको, बहुतेक बाटल्या लवकर प्यायलाच केलेल्या असतात, व्हाईट तर वर्ष-दोन वर्षांतच संपवा. मी एक छान शिराझ तीन वर्षं स्वयंपाकघराच्या माळ्यावर जपली, उघडली तर शिजलेल्या मनुकांचा वास, फळ पार गेलेलं, अजून वाईट वाटतं.

डिकँटर (वाईन ओतून ठेवायचं भांडं), व्हिंटेज (द्राक्षं काढल्याचं वर्ष) वगैरे सध्या राहू द्या. पहिल्या दोन बाटल्यांत काय सापडलं ते नक्की कळवा.