टी-टेस्ट चुकली म्हणून स्टॅटिस्टिक्स सोडायचं?

प्रश्न : मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय स्टॅटिस्टिक्स. हायपोथेसिस टेस्टिंगच्या परीक्षेत 20 पैकी 6 गुण मिळाले. उत्तरपत्रिकेचा फोटो सोबत पाठवतो. हा विषय तिला झेपणार नाही, असं मी ठरवलं आहे. सहा महिन्यांच्या डेटा सायन्सच्या क्लासला घालू का? हल्ली हे सगळं सॉफ्टवेअरच करतं ना? – एक पालक

उत्तर : ठरवलंय तुम्ही आणि झेपत नाही मात्र तिला! तिला स्वतःला काय वाटतं, याची पत्रात एक ओळही नाही. उत्तरपत्रिका तिला विचारून पाठवलीत का, हेही कळत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचं करिअर तिच्या पाठीमागे ठरवणं मला 6 गुणांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

आता उत्तरपत्रिका. गणित असं आहे : दुधाच्या पाकिटात सरासरी 500 मिली दूध हवं, 16 पाकिटांची सरासरी 496, प्रमाण विचलन (म्हणजे आकड्यांचा पसारा) 8. मशीन बिघडलंय का? मुलीने 8 ला 16 च्या वर्गमुळाने भागून प्रमाण त्रुटी (नमुन्याची सरासरी साधारण किती इकडेतिकडे होऊ शकते ते) 2 काढली. 500 पासूनच्या फरकाला तिने भागून उत्तर उणे 2. इथपर्यंत चोख. पुढे तिने नॉर्मल टेबलमधल्या 1.96 या सीमेशी तुलना केली आणि 'मशीन बिघडलंय' असं लिहिलं. पण 8 हा आकडा त्या 16 पाकिटांवरूनच काढलेला आहे, सगळ्या उत्पादनाचं विचलन माहीतच नाही. अशा वेळी टी-टेस्ट करायची, म्हणजे टी-टेबलमधली 15 डिग्रीज ऑफ फ्रीडमची (पाकिटांपेक्षा एक कमी) ओळ पाहायची. तिथे 5 टक्के पातळीला सीमा 2.131 आहे. 2 त्याच्या आत पडतो, म्हणजे नल हायपोथेसिस ('सरासरी 500 च आहे' हे तपासायचं विधान) नाकारता येत नाही. शिवाय तिने नल हायपोथेसिस नमुन्याच्या सरासरीबद्दल मांडलंय. नमुन्याची सरासरी 496 हे तर समोरच दिसतंय, त्याची चाचणी कसली? विधान सगळ्या पाकिटांच्या सरासरीबद्दल हवं. या दोन चुका दुसऱ्या वर्षाला सर्रास होतात आणि आठवडाभराच्या सरावात जातात.

'सॉफ्टवेअर करतं' हा गैरसमज मात्र महागात पडेल. हेच आकडे दिले तर सॉफ्टवेअर पी-व्हॅल्यू साधारण 0.064 देईल. 'कमी' हा पर्याय निवडलात तर 0.032. 5 टक्के म्हणजे 0.05 ही सीमा धरली तर एकदा 'पुरावा पुरेसा नाही' आणि एकदा 'नाकारा', आकडे तेच! 'मशीन बिघडलंय का' विचारायचं असेल तर दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. 'ग्राहकाला दूध कमी मिळतंय का' हा प्रश्न एका बाजूचा. यातला कुठला हे पाकिटं मोजायच्या आधी ठरवायचं असतं. 496 पाहून मग 'कमी' निवडणं ही लबाडीच. आणि 0.064 म्हणजे मशीन ठीक असल्याची शक्यता 6.4 टक्के, असंही नाही; मशीन ठीक आहे असं धरलं तर 500 पासून इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची ती शक्यता. शिवाय हे सगळं पाकिटं कशीही, सगळ्या उत्पादनातून उचलली असतील तरच खरं. सोळाही एकाच क्रेटमधून उचलली असतील, तर ते सॉफ्टवेअरला कळणारही नाही.

पुढच्या वाटा आहेतच : एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा, आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची) प्रवेश परीक्षा, पदवीनंतर यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस.

पदवी अर्धवट सोडवून क्लासला घालू नका. तिलाच तो करायचा असेल, तर सुट्टीत करू दे. फी भरण्याआधी तिने तिथे विचारावं : वरच्या गणितात 0.064 घ्यायचं की 0.032, आणि का? 'सॉफ्टवेअर सांगेल' असं उत्तर आलं तर तिथे पैसे भरू नका. हे विचारायला तुम्ही जाऊ नका, तिला एकटीला जाऊ द्या.